अर्थिंगचा क्लॅम्प

हम्दियाच्या घराला तीन मजले आहेत आणि जिन्याला रेलिंग नाही. यात हसण्यासारखं काही नाही, आमच्या सगळ्या गावात हीच तऱ्हा. खाली गॅरेज, मधे आईबाप, वरचा मजला परदेशातल्या मुलाचा. त्या मजल्याच्या भिंती तेवढ्या उभ्या, खिडक्यांच्या जागी भोकं, आणि स्लॅबमधून वर निघालेल्या गंजक्या सळया, उद्या आणखी एक मजला चढवायचा झालाच तर असाव्यात म्हणून. जिना बाहेरच्या अंगाने. त्याच्याही कडेला सळयांची टोकं सोडलेली असतात, रेलिंगसाठी. रेलिंग ऑगस्टात करायचं असतं. ऑगस्टात मुलगा सुट्टीवर येतो, तेव्हा बापलेक मिळून करणार असं ठरलेलं असतं. मग ऑगस्ट येतो, कुणाचं तरी लग्न निघतं, कुणाला समुद्रावर जायचं असतं, एक दिवस अख्खं मेंढरू भाजण्यात जातं, आणि मुलगा गाडीत बसून निघून जातो. पुढच्या ऑगस्टात बघू! असे किती ऑगस्ट गेले हे हम्दियाने मोजणं सोडून दिलं होतं.

आणि खरं सांगायचं तर त्यावाचून कुणाचं काही अडलंही नव्हतं. शेफिका, म्हणजे त्याची बायको, दोन्ही हातांत दुधाच्या बादल्या घेऊन भिंतीच्या कडेकडेने तो जिना वर्षानुवर्षं चढली आणि उतरली. बर्फातसुद्धा. शेवटी ती पडली ती जिन्यावर नाहीच. गेल्या हिवाळ्यात, सपाट स्वयंपाकघरात, बीन्सचं पातेलं उतरवताना. खुबा मोडला. ऑपरेशन झालं, आत धातू बसला, आणि हम्दियाने आणि शेजारच्या रासिमने तिला खुर्चीसकट उचलून वर नेलं. तेव्हापासून तिचा पाय खाली अंगणाला लागलेला नव्हता.

तेव्हापासून हम्दिया तिला उचलत होता. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून न्हाणीत, न्हाणीतून परत पलंगावर. वॉकर धरून ती घरातल्या घरात चालायला लागली होती, पण उठवायला आणि बसवायला माणूस लागायचाच. रात्री ती हाक मारायची, हळू, जणू त्याला जाग येऊ नये अशीच. त्याला जाग यायची. हम्दिया सत्तरीला टेकलेला माणूस, उभा जन्म बसच्या डेपोत पत्रे जोडण्यात गेलेला, पाठीचे मणके आधीच कुरकुरणारे. तो दमला होता. नुसता दमला नव्हता, आतून पार पिचून गेला होता. पण हे बोलायचं कुणाजवळ? बायको आजारी असताना नवऱ्याने मी दमलो म्हणायचं म्हणजे लोक तोंडात शेण घालतील. म्हणून तो कुणी विचारलं की म्हणायचा, "चाललंय."

एका रविवारी परदेशातून, लिन्झहून, मुलाचा फोन आला. एल्वेदिनचा. फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता, त्यात त्याचं तोंड अर्धंच दिसत होतं.

"बाबो, हे असं चालायचं नाही," एल्वेदिन म्हणाला. "माझी मायको वर कोंडून पडलीय. कबुतरासारखी."

"कोंडून काय! खिडकी आहे ना."

"खिडकीचं काय सांगतोस? दवाखान्यातली नर्स काय म्हणाली होती? धरायला काही असेल तर ही जिना उतरेल. म्हणाली होती ना? मग किती महिने झाले? माझ्याकडे लिफ्ट आहे. पुढच्या शनिवारी मी येतोय. मायको तिच्या पायाने अंगणात उतरली तर मी तोंडातून शब्द काढणार नाही. आणि नाही उतरली तर तिला उचलणार, गाडीत घालणार आणि घेऊन जाणार. तुला यायचं तर तूही ये."

"मी येतो आणि कोंबड्यांना तू दाणे टाक तिथून," हम्दिया भडकून म्हणाला. "शनिवारी ये तू. बघ उतरते की नाही!"

फोन बंद झाला. शेफिका खुर्चीत बसून कॉफीचा छोटा पेला बशीवर फिरवत होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं. पेला थांबवून ती म्हणाली, "होईल का रे शनिवारपर्यंत?"

"होईल म्हणजे? न व्हायला काय झालं?"

"एकटीला उतरता येईल? तू न धरता?"

"येईल, येईल." हम्दियाला वाटलं, हिला जायचं नाहीये बिचारीला. या घरातून तिला हलवायचं म्हणजे काय, तिच्या हातची आलुबुखारची झाडं खाली उभी आहेत. आणि तिच्याशिवाय या तीन मजल्यांत तो एकटा काय करणार होता? भुतासारखा फिरणार होता?

मंगळवारी त्याने चौकोनी पाइप आणले, कापले आणि गॅरेजमधून वेल्डिंगचं मशीन काढलं. मशीन चांगलं होतं, एल्वेदिननेच कुठल्याशा ऑगस्टात आणून दिलेलं, बुटाच्या खोक्याएवढं. फक्त त्याचा अर्थिंगचा क्लॅम्प, म्हणजे कामाच्या लोखंडाला चावून धरणारा केबलच्या टोकाचा चिमटा, नव्हता. तो रासिमकडे गेला होता. म्हणजे रासिमने मशीन नेलं तेव्हा क्लॅम्प होता, परत दिलं तेव्हा केबलच्या टोकाला एक वाकवलेली सळई तारेने गुंडाळलेली होती.

"जळला तो," रासिम तेव्हा म्हणाला होता. "काय कागदाचा होता की काय! हा आकडा बघ, जन्मभर जाणार नाही. कुठेही अडकव आणि लाग कामाला."

आता यात रासिमला तरी काय बोलायचं? आमच्याकडे सगळे असंच करतात. घराघरात वेल्डिंग मशीन आहे, पण क्लॅम्प विकत आणणारा माणूस अजून जन्माला यायचाय. सळईचा आकडा नाहीतर तुटका पाना, कामाच्या लोखंडावर टाकला की झालं. वरून एक वीट ठेवायची. फारच नाजूक काम असेल तर दोन विटा. क्लॅम्पसाठी पैसे मोजणाऱ्याला लोक बाटलीबंद पाणी पिणाऱ्याच्या रांगेत बसवतील.

हम्दियाने आकडा जिन्याच्या अगदी वरच्या सळईत अडकवला आणि कामाला लागला. रेलिंगचा एकेक खांब जिन्याच्या कडेच्या सळईला जोडायचा, मग खांबांवरून आडवा पाइप. खरं तर अर्थिंग ज्या खांबाला टाका मारायचा त्याच खांबाला हवं. हे त्याला कळत नव्हतं का? डेपोत नव्या पोरांच्या टाळक्यात त्यानेच हे घातलं होतं. पण प्रत्येक खांबाला आकडा काढायचा, खाली यायचं, गंज घासायचा, पुन्हा अडकवायचा, पुन्हा वर जायचं. त्याचे गुडघे म्हणाले, राहू दे. सळया सगळ्या आतून काँक्रीटमध्ये तारेने बांधलेल्याच आहेत की, करंट जाईल आतल्या आत. आणि जात होताही. वरच्या खांबांना बरा गेला. जसजसा तो खाली आला तसतसा वेल्डिंगचा रॉड चिकटायला लागला, ठिणगी तुटायला लागली, फुरफुर, थांब, फुरफुर. टाका आत मुरायच्या ऐवजी वरच गोळा होऊन बसत होता. त्याने वरची खपली झाडली, त्यावर बोट फिरवलं, आणि मनाशी म्हणाला, चालेल. दमलेल्या माणसाचं सगळ्यात वाईट हेच, त्याला सगळंच चालतं.

बुधवारी सकाळी रासिम कॉफीला आला. जिन्याच्या तळाशी उभा राहून त्याने सिगारेट पेटवली, रेलिंगकडे वर बघितलं, म्हणाला, "बघ, आणि लोक म्हणतात हम्दिया म्हातारा झाला!" आणि रेलिंगला टेकला. खालचा खांब कट्‌ करून सुटला. त्याच्या मागोमाग दुसरा. रासिम पाठीमागे गेला तो थेट कांद्याच्या वाफ्यात, मांडी घालून बसला, तोंडात सिगारेट तशीच.

वरून खिडकीतून शेफिकाचा आवाज आला, "लागलं का रे रासिम?"

"कांद्यांना लागलं!" रासिम ओरडला.

"बरं झालं तूच होतास. तुला देवाने बूड तरी दिलंय."

रासिम हसला. ती पण हसली. हम्दिया हसला नाही. तो सुटलेला खांब हातात घेऊन जोड बघत होता. लोखंड लोखंडाला लागलंच नव्हतं. नुसतं वर थुंकल्यासारखं. शनिवारी तिथे शेफिकाचा हात असता. खुब्यात धातू घेऊन ती याच्यावर भार टाकून खाली उतरत असती, आणि रासिमसारखं बूड तिला नाही. त्याने खांब खाली ठेवला आणि पायरीवर बसला.

"अरे, काय झालं?" रासिम कपडे झाडत म्हणाला. "पुन्हा मार टाके. वरून दोन विटा ठेव आकड्यावर."

"रासिम," हम्दिया म्हणाला, "तुझ्या विटा आणि तुझा आकडा घे आणि घरी जा."

गुरुवारी सकाळी शेफिकाजवळ रासिमच्या बायकोला बसवून तो बसने जवळच्या शहरात, ग्राचानित्साला, गेला. मेव्लिदाचं लोखंडाचं दुकान बाजाराच्या टोकाला. नवरा गेल्यापासून तीच चालवते. आत भर उन्हाळ्यातही शेगडीभोवती खोकी मांडलेली, आणि त्यांच्यावर बसून बिनकामाचे दोनतीन जण कॉफी पितात. त्यातला चामिल तर खिळासुद्धा विकत घेत नाही, पण सल्ला द्यायला उघडायच्या वेळेपासून हजर.

"ये हम्दिया," मेव्लिदा म्हणाली. "शेफिका कशी आहे?"

"आहे."

"आणि तू?"

"माझं काय विचारतेस? क्लॅम्प दाखव. अर्थिंगचा."

शेगडीपाशी सगळ्यांनी वळून बघितलं.

"क्लॅम्प?" चामिल म्हणाला. "विकत?"

"नाही, भीक मागायला आलोय."

"भावा, रागावू नकोस. पण सळईचा आकडा करता येत नाही का तुला? तू तर डेपोतला माणूस!"

"येतो करता. त्याच्यावरच टाके मारले. काल रासिम कांद्यात बसला."

यावर सगळे खुशाल हसले आणि मग प्रत्येकाला कुठला ना कुठला पडलेला माणूस आठवला. कुणाचं गेट पडलं होतं, कुणाचा झोपाळा. तेवढ्यात मेव्लिदाने आतून चार क्लॅम्प आणून गल्ल्याच्या फळीवर मांडले.

पहिला पत्र्याचा, स्प्रिंगचा, हलका. हम्दियाने तो उघडून आत बघितलं. केबल एकाच जबड्याला लागलेली, दुसरा जबडा नुसता दाबायला. पत्रा इतका पातळ की बोटाने वाकेल. "हाच होता माझा," तो म्हणाला. "रासिमने जाळला तो. म्हणजे रासिमचा दोष नाही म्हणायचा. हा आपण होऊनच जळेल."

दुसरा चुंबकाचा, गोल, लाल. चामिलने तो उचलून लगेच शेगडीला चिकटवून दाखवला. "हा घे. पिळायचं नाही, दाबायचं नाही. ठेवला की बसला!"

हम्दियाने तो शेगडीवरून ओढून काढला. खाली सगळा लोखंडाचा कीस दाढीसारखा चिकटून आला होता. "हे बघ. घासलेला सगळा कचरा हा गोळा करणार, मी पुसत बसणार. आणि सपाट जागा लागते याला. गंजावर बसला की पुन्हा तेच, फुरफुर."

तिसरा मात्र बघता क्षणी त्याला आवडला. भारी, लांब दांड्यांचा, दोन्ही जबडे पितळेचे, आणि दोघांना जोडणारी तांब्याची जाड वेणी, म्हणजे करंट दोन्हीकडून जाणार. स्प्रिंग अशी की एकदा चावला तर सोडायचा नाही. डेपोत असलाच होता. त्याने तो उजव्या हातात घेतला आणि दाबला. जबडा अर्धा उघडला. त्याने आणखी जोर लावला. अंगठ्याच्या बुडाशी, जिथे रोज शेफिकाला काखेत धरून उठवताना कळ यायची, तिथे तशीच कळ आली, थेट कोपरापर्यंत. क्लॅम्प हातातून सुटला आणि फळीवर धाडकन आपटला.

चामिलने तोंड फिरवून रस्त्याकडे बघितलं, जणू तिथे काही चाललंय. हम्दियाला कानापर्यंत लाज वाटली. याच हातांनी त्याने बसगाड्यांची दारं उचलून धरली होती, एका हाताने, आणि दुसऱ्याने टाका मारला होता. आता चिमटा उघडत नाही!

"नवा आहे ना, सैल व्हायला वेळ लागतो," मेव्लिदा म्हणाली. "माझ्याच्याने पण नाही उघडत."

ती खोटं बोलत होती. बाई पन्नास किलोचे खिळ्यांचे खोके हलवते. पण ती खोटं बोलली ते बरं झालं.

चौथा राहिला. हा इंग्रजी सी सारखा, पितळेचा ओतीव, जड, आणि मधून एक स्क्रू. कामाला लावायचा आणि पिळत जायचं. हम्दियाने तो हातात फिरवला, केबल बसवायचा बोल्ट बघितला, स्क्रूचं टोक बघितलं.

"तो नको घेऊ," चामिल आता राहवेना म्हणून म्हणाला. "वेळखाऊ असतो. प्रत्येक जागी पिळत बसावं लागतं."

"बसायला मिळेल तरी," हम्दिया म्हणाला.

"दहा मिनिटांच्या कामाला तास जाईल."

"जाऊ दे. मला कुठे बसगाडी सोडायचीय?" त्याने स्क्रू दोन बोटांनी थोडा फिरवला. दुखलं नाही. थोडा थोडा फिरवला तर हा त्याच्या हाताला ऐकत होता. तिसरा क्लॅम्प चांगला होता, पण तो दुसऱ्या कुणाच्या हातासाठी होता. तीस वर्षांपूर्वीच्या हम्दियाच्या. एवढं कळायला त्याला चार क्लॅम्प बघावे लागले, आणि कळलं तेव्हा रडू यावं असं काहीतरी झालं. मेव्लिदाने क्लॅम्प कागदात गुंडाळला. चामिलने त्याच्यासाठी कॉफी ओतायला घेतली होती. हम्दिया खोक्यावर बसला, कॉफी प्यायला, आणि बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. कुणी त्याला उठवलं नाही. दोन बसगाड्या गेल्या.

घरी आला तेव्हा रासिमची बायको घाईघाईने चप्पल घालून निघाली. शेफिका म्हणाली, "एवढा वेळ? क्लॅम्प आणायला गेला होतास की दुसरी बायको?"

"क्लॅम्प."

"सापडला का मनासारखा?"

"हाताला जमेल असा सापडला."

शुक्रवारचा दिवस त्याला मोडूनच टाकणारा होता. आधी सगळे जुने टाके ग्राइंडरने काढावे लागले, वरचे चांगले होते तेसुद्धा, कारण आता त्याचा कशावरच विश्वास उरला नव्हता. मग एकेक खांब. खालच्या पायरीवर बसायचं, कानशीने गंज घासून लोखंड पांढरं करायचं, क्लॅम्प त्याच खांबाला लावायचा, पिळायचा, थांबायचं, हात झटकायचा, पुन्हा पिळायचा. मग डोळ्यांवर काच घ्यायची आणि रॉड टेकवायचा.

पहिल्याच टाक्याला आवाज बदलला. फुरफुर गेली. तेलात काही तळावं तसा सलग आवाज आला, आणि काचेतून त्याला दिसलं, लोखंड वितळून लोखंडात जातंय, दोन्हीकडून, काठ शिल्लक न ठेवता. त्याने खपली झाडली. खाली टाका असा बसला होता की त्याला डेपोतला साहेब आठवला, जो कधी कुणाला शाबास म्हणायचा नाही, नुसता पुढच्या गाडीकडे जायचा. हम्दियाही पुढच्या खांबाकडे गेला.

"किती राहिलं?" शेफिका मधूनमधून खिडकीतून विचारायची.

"वरचे राहिले."

"उद्या होईल ना? एकटीला?"

"शेफिका, शंभरदा विचारलंस!" तो चिडला. मग चिडल्याचं वाईट वाटलं. त्याने दोन्ही हातांनी आडवा पाइप धरला आणि पाय उचलून अधांतरी लटकला. "बघ! बघितलंस?"

"तू काय, वाळलेली काटकी. रासिमला लटकव."

कुंपणापलीकडून रासिम म्हणाला, "एकदा झालं तेवढं पुरे!"

शनिवारी दुपारी एल्वेदिन आला. प्रवासाने डोळे लाल, अंगाने बापाच्या दुप्पट. अंगणात उतरला, बापाला मिठी मारली, आणि मग थेट रेलिंगपाशी गेला. आधी हाताने हलवलं. मग दोन्ही हातांनी ओढलं. मग बुटाने खालच्या खांबाला एक लाथ मारली. रेलिंगने हूं की चूं केलं नाही.

"बाबो," तो म्हणाला, "हे तर रणगाड्याला लावशील असं झालंय. कशाने जोडलंस?"

"तुझ्याच मशीनने. क्लॅम्प नवा आहे."

"नुसत्या क्लॅम्पने?"

"नुसता नाही. क्लॅम्प निवडायला अक्कल लागते." हम्दियाला स्वतःचंच हसू आलं. किती दिवसांनी!

वरचं दार उघडलं. शेफिका उंबऱ्यात उभी होती. ठेवणीतला निळा रुमाल डोक्याला, अंगात लोकरीचं जाकीट, पायात बाहेरचे बूट. एल्वेदिन वर धावायला निघाला, तिने नुसता हात वर केला आणि तो थांबला. तिने रेलिंग धरलं. चांगला पाय खाली, मग दुखरा, मग उभं राहणं. पुन्हा चांगला पाय. ओठ घट्ट मिटलेले. हम्दिया खाली उभा राहून तिच्या प्रत्येक पायरीबरोबर स्वतःचा श्वास सोडत होता. रेलिंग हललं नाही. तिचा हात खांबाखांबावरून पुढे येत गेला, आणि तिचा बूट अंगणातल्या मातीला लागला. ती तिथेच उभी राहिली. तिने आलुबुखारच्या झाडांकडे बघितलं, कांद्याच्या मोडलेल्या वाफ्याकडे बघितलं, आणि डोळे पुसले.

"हरलो," एल्वेदिन हात वर करून म्हणाला. "शब्द म्हणजे शब्द. आता मी काही बोलत नाही."

"बोलू नकोस," शेफिका म्हणाली. "वर जा. पलंगामागे बॅग आहे, ती आण. औषधांची पिशवी पण."

"कसली बॅग?" हम्दिया म्हणाला.

"माझी. परवा तू क्लॅम्प आणायला गेला होतास तेव्हा रासिमच्या बायकोने भरून दिली."

"तू... तू जाणार आहेस?"

"हो."

हम्दियाने रेलिंगकडे बोट केलं, जणू ते साक्षीदार होतं. "मग हे सगळं कशाला? पाठ मोडली माझी! मला वाटलं तुला राहायचंय!"

"मला विचारलंस का? दोघांनी फोनवर माझ्यावर पैज लावलीत, आणि मी समोर बसले होते."

"मग मी जिंकलो ना?"

"जिंकलास. म्हणून तर चालत जातेय." ती जवळ आली, आणि एल्वेदिनला ऐकू जाऊ नये अशा आवाजात बोलायला लागली. "हम्दिया, या घरातून आजवर उचलून बाहेर नेलंय ते फक्त तुझ्या आईला, खांद्यावरून. मला तसं नव्हतं जायचं. उचलून नेलेली बाई परत येत नाही. चालत गेलेली येते. मुलाकडे लिफ्ट आहे, सून नर्सचं काम करते, पाय सुधारला तर बर्फ पडायच्या आत परत येईन."

"इथे नसता सुधारला?"

"इथे तू नसता उरलास." तिने त्याचा उजवा हात धरला आणि अंगठ्याच्या बुडाशी दाबलं. तो कळवळला. "हे मला कळत नाही असं वाटलं तुला? रात्री हाक मारायच्या आधी मी किती वेळ पडून असते माहितीये? मुतले तर मुतले, पण याला उठवू नये असं वाटतं. आणि मग तू उठतोस, आणि मला उचलताना तुझं तोंड दिसतं. मला ते तोंड बघवत नाही रे. मी नाही बघू शकत आणखी."

"मी कधी एक शब्द तरी बोललो?"

"तेच तर."

एल्वेदिन बॅग घेऊन आला. आईचं तोंड आणि बापाचं तोंड बघून तो गाडीचं दार उघडायला वळला. शेफिका आपण होऊन चालत गेली, दाराला धरून सावकाश आत बसली, आणि पाय हाताने उचलून आत घेतला. कुणाला हात लावू दिला नाही.

"ये मग बाईरामच्या सणाला," ती काचेतून म्हणाली. "कोंबड्या रासिमकडे ठेव. आणि आता वर जाऊन झोप."

"भर दुपारी?"

"भर दुपारी."

गाडी निघाली. आमच्याकडे गाडीमागे रस्त्यावर भांडंभर पाणी ओततात, वाट पाण्यासारखी सरळ जावी म्हणून. हम्दियाजवळ पाणी नव्हतं आणि वर जाऊन आणायचं त्राण नव्हतं. रासिमची बायको कुठूनशी पाण्याचा मग घेऊन धावत आली आणि तिने ओतलं. मग तीही गेली.

हम्दिया जिना चढून वर आला. पलंगाच्या कडेला बसला, बूटही न काढता. घर शांत होतं. त्याने कानोसा घेतला. कुणी हाक मारत नव्हतं. थोड्या वेळानेही कुणी मारणार नव्हतं, आणि रात्रीही नाही. आणि मग त्याच्या खांद्यांमधून, पाठीतून, मनगटांतून काहीतरी सैल होत गेलं, इतकं की त्याला स्वतःचीच भीती वाटली. त्याला सुटल्यासारखं वाटत होतं. जन्माची जोडीदारीण आत्ता गाडीत बसून गेली, धुरळासुद्धा अजून खाली बसला नसेल, आणि याला हलकं वाटतंय! किती नीच माणूस आहे मी, त्याच्या मनात आलं. ती त्याला सोडून गेली नव्हती, त्याला हे मिळावं म्हणून गेली होती, आणि तिला हे आधीच माहीत होतं. याची तर आणखीच लाज वाटली. तो आडवा झाला, रडायला लागला, आणि त्याला वाटलं आता आपण पुष्कळ रडणार. पण डोळे मिटत होते. उशीला तिच्या मलमाचा वास होता. लाज वाटता वाटताच त्याला गाढ झोप लागली.